रडणारी बाई नको, वजनकाट्याचा फोटो काढा : गावातून कॅमेऱ्याने निषेध नोंदवू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

विदर्भाच्या खेड्याचा फोटो म्हटला की देशभरच्या संपादकांना एकच चित्र आठवतं. मातीची भिंत, तिला टेकून बसलेली बाई आणि तिच्या हातात नवऱ्याचा हार घातलेला फोटो. गेली वीसेक वर्षं हेच छापून येतंय. त्या फोटोत बँक नसते, सावकार नसतो, कृषी केंद्रवाला नसतो, कापूस कोणत्या भावाने गेला तेही नसतं. पाहणारा हळहळतो, पान उलटतो, आणि ज्यांनी लाजायला पाहिजे त्यांचं नखही फोटोत आलेलं नसल्यामुळे त्यांची झोप काही उडत नाही.

निषेधाचा फोटो म्हणजे दुःखाचा फोटो, हा समज आधी डोक्यातून काढा. ज्याच्यामुळे हे होतंय ते चौकटीत आलं पाहिजे. ते कसं आणायचं, हे टप्प्याटप्प्याने सांगतो. महागडा कॅमेरा लागत नाही. खिशातला फोन पुरतो.

शहरातून आलेली रीत

ही परंपरा मुळात शहरातली. न्यूयॉर्कमध्ये जेकब रीस या पोलीस बातमीदाराने १८८० च्या दशकाच्या शेवटी मॅग्नेशियमची पूड पेटवून झोपडवस्तीतल्या अंधाऱ्या खोल्यांचे फोटो काढले. घरमालक किती माणसं एका खोलीत कोंबतो ते शहराने पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. त्याच्यानंतरचा लुईस हाईन आपल्या जास्त कामाचा. १९०८ पासून तो अमेरिकेच्या बालमजूर समितीसाठी गिरण्या-खाणींत शिरायचा, कधी बायबल विकणारा बनून, कधी आणखी कोणी. पोरांची उंची तो स्वतःच्या कोटाच्या बटणांवरून मापायचा आणि वय, काम, मजुरी खिशातल्या वहीत टिपून घ्यायचा. मालक म्हणायचा पोरगा मोठा आहे, आणि हाईनची वही सांगायची तो कितव्या बटणाला लागतो.

आपल्याकडे सुनील जाना यांनी १९४३ च्या बंगाल दुष्काळाचे फोटो काढले आणि ते कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्रातून लोकांपर्यंत गेले. आपल्या अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे मुंबईच्या सफाई कामगारांमागे वर्षानुवर्षं फिरले. मॅनहोलमध्ये उतरणारा माणूस त्यांनी मुंबईला दाखवला. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फ्रान्सचा जेआर नावाने ओळखला जाणारा कलाकार २००८ मध्ये रिओ शहरातल्या एका टेकडीवरच्या वस्तीत गेला आणि तिथल्या बायकांचे चेहरे, डोळे घराघरांच्या भिंतींवर एवढे मोठे चिकटवले की खालच्या श्रीमंत शहराला वर बघावंच लागलं.

या सगळ्यांना शहरातली एक सोय होती. तिथे फोटो काढणाऱ्याला कोणी ओळखत नाही. आपल्याकडे फोन खिशातून बाहेर यायच्या आधी पाराखाली ठरलेलं असतं की हा कोणाचा पोरगा, कोणत्या पार्टीचा, आणि याच्या बापाने सोसायटीचं कर्ज फेडलं की नाही. रस्त्याचा ठेकेदार तुमच्या मावसभावाचा साडू निघतो. म्हणून शहरातली रीत जशीच्या तशी उचलता येत नाही. पुढचे टप्पे हे ध्यानात ठेवून सांगितले आहेत.

पहिला टप्पा : विषय लहान करा

‘शेतकऱ्यांच्या समस्या’ हा भाषणाचा विषय झाला. ‘आमच्या गावची पांदण (शेताकडे जायची वाट), जून ते ऑक्टोबर’ हा फोटोचा विषय. ‘आरोग्यव्यवस्था’ नको. ‘उपकेंद्राचं कुलूप, दर सोमवारी सकाळी अकरा वाजता’ हे पाहिजे. एक जागा, एक प्रश्न, आणि त्याला जबाबदार असलेलं एक कार्यालय. तिन्ही एका ओळीत लिहिता आले तर विषय पक्का समजा.

आपल्या भागात विषयांना तोटा नाही. तालुक्याच्या एसटी स्टँडवरची बायकांची मुतारी. घुग्घुसकडे वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी कोळशाची धूळ. अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं पाणी. फवारणीला जाताना तोंडाला नुसता दुपट्टा बांधलेला मजूर. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसवर माणसं गेली, तरी हा मजूर आजही कोणत्याही धुऱ्यावर उभा दिसेल.

काही विषय दिसायला सोपे आणि काढायला अवघड असतात. खारं पाणी फोटोत गोड्या पाण्यासारखंच दिसतं. मग पाण्याचा फोटो काढून उपयोग काय? पाणी जिथे खूण सोडतं तिथे जा. रोज पाणी तापवायच्या गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, आत साचलेला पांढरा थर, नळाच्या तोटीवरची पापडी, ओलीत केल्यावर वाळलेल्या वाफ्यावर आलेलं मीठ. गंज उन्हात तिरपा धरायला सांगा. सावली पडली की थराची जाडी दिसते. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा. हाईनच्या कोटाचं बटण ते हेच.

दुसरा टप्पा : फोटोआधी कागद

हा टप्पा सगळे नवखे गाळतात आणि म्हणून त्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर दोन दिवस फिरून मरतात. खड्ड्याचा फोटो काढला तर साहेब म्हणतो, पाऊस जास्त झाला. खड्ड्याशेजारी कामाचा फलक दिसला, त्यावर कामाची किंमत, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि ठेकेदाराची दुरुस्तीची मुदत दिसली, तर पावसावर ढकलता येत नाही.

फलक नसेल, तर फलक नसल्याचाही फोटो काढा आणि माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. २००५ च्या या कायद्यात दहा रुपये शुल्क आहे, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही नाही, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अंदाजपत्रक मागा, झालेल्या कामाची मापं ज्यात लिहितात त्या मोजमाप पुस्तकाची प्रत मागा. बहुतेकांना ठाऊक नसतं की याच कायद्यात कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचा नमुना घेण्याचाही अधिकार आहे. पाहणीच्या दिवशी फोन चार्ज करून न्या.

एक गंमत सांगतो. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून सरकारने मजुरांची हजेरी ॲपवर, ठिकाणासह, दिवसातून दोनदा फोटो काढून घ्यायचा नियम केला. म्हणजे टोपलं उचलणाऱ्या बाईने कामावर असल्याचा पुरावा फोटोतून द्यायचा. मग पूल बांधणाऱ्याने, तलाव खोलवणाऱ्याने तोच पुरावा द्यायला काय हरकत आहे? कोणी विचारलं, ‘तू काहाले फोटो काढतं?’ तर हे उत्तर तयार ठेवा.

तिसरा टप्पा : फोन

हे थोडक्यात. भिंग आधी पुसा, अर्धे धुरकट फोटो बोटाच्या तेलाने येतात. बोटांनी ताणून झूम करू नका, दोन पावलं पुढे जा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाळीच्या रेघा चालू करा म्हणजे क्षितिज तिरपं येणार नाही. तारीख-वेळ आपोआप नेटवर्कवरून घेते का ते तपासा. चेहरा गोरा करणारे, आभाळ निळं करणारे सगळे खेळ बंद ठेवा. फोटो सुधारून देणारी एआयची ॲप्स तर अजिबात नकोत, कारण समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारेल.

आपलं ऊन हा वेगळा विषय आहे. एप्रिल-मे मध्ये दहा ते चार फोटो काढला की माणसाचे डोळे काळे खड्डे होतात आणि फोनही तापून बंद पडतो. सकाळी साडेसहा ते साडेआठ काढा. पण टँकर दुपारी दोनला येत असेल तर दोनलाच काढा. तेव्हा ते कर्कश ऊन हाच मजकूर असतो, त्याला सुंदर करायला जाऊ नका.

चौथा टप्पा : लांबून, मधून, जवळून

प्रत्येक विषयाचे तीन अंतरांवरून फोटो लागतात. लांबून जागा कळते, मधून माणूस आणि काम कळतं, जवळून पुरावा मिळतो. नवखे लोक मधल्यावरच थांबतात.

कापूस खरेदीचं उदाहरण घेऊ, कारण हिवाळ्यात हे प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी चालू असतं. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये क्विंटल ठरला. सीसीआय, म्हणजे हमीभावाने कापूस घेणारं सरकारी कापूस महामंडळ, ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव देते, ८ ते १२ पर्यंत भाव कापते, १२ च्या वर घेत नाही. सगळं राजकारण या चार टक्क्यांत आणि ते मोजणाऱ्या हातातल्या यंत्रात असतं.

लांबचा फोटो जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, फाटकाबाहेरचा. गाड्यांची रांग, आदल्या रात्रीपासून गाडीखाली झोपलेले लोक. रसवंतीच्या ओट्यावर किंवा शेजारच्या गाडीच्या टपावर चढून काढा म्हणजे रांगेचं शेपूट दिसतं. रांगेचा फोटो जमिनीवरून काढला की पाच गाड्या आणि पन्नास गाड्या सारख्याच दिसतात.

मधला फोटो ग्रेडरचा, म्हणजे कापूस तपासून प्रत ठरवणाऱ्याचा, आणि कास्तकाराचा. ग्रेडर मीटरची सळई कापसात खुपसतो तो क्षण. कुठे खुपसतो ते नीट बघा. वरच्या उन्हं खाल्लेल्या थरात की आत, दवात भिजलेल्या बोंडांत? आकडा जागेवर बदलतो. एकाच गाडीत दोन ठिकाणी दोन आकडे आले तर दोन्ही फोटो एकापाठोपाठ घ्या, मध्ये दुसरं काही काढू नका, म्हणजे फाईलच्या क्रमांकावरून सलगपणा सिद्ध होतो.

जवळचे फोटो सगळ्यात महत्त्वाचे आणि सगळ्यात कंटाळवाणे. मीटरचा पडदा, आकडा वाचता येईल असा. वजनकाट्याचा पडदा, गाडी चढायच्या आधी शून्यावर आहे की नाही ते दाखवणारा. काट्यावर लावलेलं वैधमापन खात्याचं तपासणीचं प्रमाणपत्र आणि त्याची मुदत. हातात पडलेली पावती, आणि पावतीवर पेनाने लिहिलेली कटती. पावती कास्तकाराच्याच तळहातावर ठेवून काढा. वेचणीने बोटांच्या पेरांना पडलेले चरे त्यात आपोआप येतात. त्या चऱ्यांसाठी वेगळा ‘कलात्मक’ फोटो लागत नाही.

हे सगळे फोटो एकापुढे एक लावले की ओरडावं लागत नाही. ओलावा किती सांगितला, वजन किती लागलं, पैसे किती आले, हे पाहणाराच वाचतो.

याच्या उलट उदाहरण शकुंतला रेल्वेचं. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी ही नॅरोगेज बंद पडली, आणि तिच्या गंजलेल्या रुळांचे, गवतात बुडालेल्या स्टेशनांचे शेकडो सुंदर फोटो निघाले. त्यातले बहुतेक हळवे आहेत, निषेधाचे नाहीत. स्टेशनच्या बंद तिकीट खिडकीसमोरून काळीपिवळी जीपच्या टपावर बसून जाणारी माणसं एकाच चौकटीत आली की प्रश्न उभा राहतो.

पाचवा टप्पा : विचारणं

डोरोथिया लँगने १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात काढलेला एका स्थलांतरित मजूर आईचा फोटो जगभर गाजला. लँगने तिचं नावही विचारलं नव्हतं. १९७८ मध्ये ती बाई पुढे आली आणि म्हणाली की या फोटोतून मला एक पैसा मिळाला नाही, तो काढलाच नसता तर बरं झालं असतं. फोटोग्राफीच्या इतिहासात ज्याची एवढी आरती होते त्या फोटोची ही दुसरी बाजू, आणि ती शिकवण्यात फारशी येत नाही.

गावात विचारणं म्हणजे नुसतं ‘काढू का?’ नाही. म्हातारी ‘काढ ना बाप्पा’ म्हणेल, कारण तिला वाटतं निराधारच्या अर्जाला लागतो. हा फोटो कुठे लागणार, कोण बघणार, सरपंच बघणार का, हे सांगा. एक दिवस जाऊ द्या आणि पुन्हा विचारा. शेतमजुराचा फोटो काढताना तो ज्याच्या वावरात आहे तोही डोळ्यासमोर ठेवा. उद्या त्याचं काम सुटलं तर तुमचा फोटो त्याला पोसणार नाही. चेहरा न दाखवताही बरंच दाखवता येतं, पाठ, हात, पाय, सावली.

दोन ठिकाणी परवानगीचा प्रश्नच येत नाही, फोटो काढायचाच नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या बाईची किंवा मुलाची ओळख पटेल असं काहीही, घराचं दारसुद्धा, दाखवणं गुन्हा आहे. आणि मयतीच्या घरी फोन खिशातच ठेवा. लेखाच्या सुरुवातीचं ते चित्र तिथेच तयार होतं.

सहावा टप्पा : अडवलं तर

सार्वजनिक रस्त्यावर, चौकात, बाजारात फोटो काढायला आपल्याकडे सरसकट बंदी नाही. १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याखाली जाहीर केलेली प्रतिबंधित ठिकाणं वेगळी. दारूगोळा कारखाना, लष्करी हद्द यांच्या वाटेला जाऊ नका. या कायद्याचा धाक मात्र जिथे तो लागू नाही तिथेही दाखवला जातो. वर्ध्याच्या एका पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढल्यावरून या कायद्याखाली गुन्हा दाखल झाला होता. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला आणि पोलीस ठाणं हे ‘प्रतिबंधित ठिकाण’ नाही असं स्पष्ट केलं. या निकालाची प्रत फोनमध्ये ठेवा, पण तिच्या भरवशावर ठाण्यात शिरून हुज्जत घालू नका.

जिनिंग, कारखाना, खाजगी दवाखाना ही खाजगी जागा. मालक निघ म्हणाला तर निघा आणि रस्त्यावरून काढा. फोटो पुसून टाक म्हणून कोणी दरडावलं तर आवाज चढवू नका. पोलिसांनी फोन घेतलाच तर जप्तीचा पंचनामा आणि त्याची प्रत मागा. एकट्याने जाऊ नका. बचत गटातली एखादी ताई बरोबर असेल तर अर्धी भांडणं होतच नाहीत, हा माझा अनुभव आहे, आणि पुरुष फोटोग्राफरांना तो मान्य करायला जड जातो.

त्याच संध्याकाळी फोटो दुसरीकडे उतरवून ठेवा. एक प्रत गावाबाहेरच्या माणसाकडे असू द्या. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की त्यातली तारीख-ठिकाणाची छुपी माहिती उडते. पुरावा म्हणून पाठवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. लोकांसाठी टाकायचा असेल आणि त्यात कोणाचं घर असेल, तर ती माहिती उडालेलीच बरी.

सातवा टप्पा : मथळा

फोटोखाली ‘व्यथा बळीराजाची’ असं लिहिणार असाल तर फोटो काढलाच नाही तरी चालेल. गाव, तालुका, तारीख, वेळ, काय दिसतंय, कोणतं कार्यालय जबाबदार, आणि आकडा असेल तर आकडा. दोन ओळी. विशेषणं नकोत. फोटोतल्या माणसाने सांगितलेलं एखादं वाक्य त्याच्याच बोलीत घ्या. वऱ्हाडी असेल तर वऱ्हाडी, झाडीबोली असेल तर झाडीबोली, मेळघाटात असाल तर कोरकू देवनागरीत लिहून खाली अर्थ द्या. त्या वाक्याची ‘शुद्ध’ मराठी करू नका.

आठवा टप्पा : लावायचे कुठे

पहिलं प्रदर्शन फोटोतल्या लोकांसमोरच झालं पाहिजे. इन्स्टाग्राम नंतर. स्टुडिओतून चार बाय सहाचे प्रिंट काढा, सुतळीला कपडे वाळवायच्या चिमट्यांनी लावा आणि आठवडी बाजारात, मिरची-मसाल्याच्या रांगेच्या शेवटी दोन बांबूंमध्ये ताणा. पत्रकार पी. साईनाथ यांनी कष्टकरी बायकांच्या कामाचे फोटो असेच गॅलरीबाहेर, गावांत नेऊन लोकांना दाखवले होते. बाजारातले लोक फोटोला बोट लावून बघतात, चुका काढतात, ‘हा फलक तर मागच्या सालचा हाय’ म्हणतात. ते लिहून घ्या, मथळा दुरुस्त करा.

पोळ्याचा दिवस सोडू नका. तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची टोमणेवजा गाणी, म्हणताना सावकाराला आणि सरकारला टोले हाणायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत नावाच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, तिच्याबरोबरच्या बडग्या नावाच्या पुतळ्यांवर त्या-त्या वर्षीचे पुढारी आणि भ्रष्टाचार झळकतात, आणि लोक ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत त्यांना गावाबाहेर नेऊन जाळतात. निषेधाचं चित्र मिरवायची सवय ज्या भागाला आहे तिथे फोटो मिरवायला कोणाची शिकवणी लागत नाही. तान्ह्या पोळ्याला पोरांच्या लाकडी नंदीच्या चाकगाडीवर पांदणीचा फोटो लावलेला मी पाहिला आहे. बक्षीस मिळालं नाही, पण परीक्षक म्हणून बसलेल्या सदस्याने तो दोनदा वाचला.

चौकात मोठं लावायचं तर फ्लेक्स स्वस्त पडतो. तिथे वाढदिवसाच्या बॅनरांशी स्पर्धा असते, म्हणून रंगीत न करता काळा-पांढरा छापा आणि मजकूर कमी ठेवा. ग्रामपंचायतीची लेखी परवानगी घ्या, नाही तर रात्रीतून उतरवतील आणि ते कायदेशीरही असेल.

नववा टप्पा : दप्तरात टाकणं

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा असते. प्रिंट तिथे घेऊन जा. अर्जावर एकट्याची सही नको, ज्यांचा रस्ता त्या सगळ्यांच्या सह्या, ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे. प्रत्येक फोटोच्या मागे क्रमांक टाका, अर्जात तोच क्रमांक लिहा आणि ‘सोबत फोटो जोडले आहेत’ असं म्हणून आवक क्रमांकासह पोच घ्या. फोटोची प्रत इतिवृत्ताला जोडायला सचिवांना सांगा. ते टाळाटाळ करतील, तुम्ही बसून राहा. हीच जोडपत्रं पंचायत समितीला आणि तहसीलला पाठवा.

पुढच्या महिन्यात त्याच जागी, त्याच दगडावर उभं राहून, तोच फोटो पुन्हा काढा. दगडावर गेरूने खूण करून ठेवा, पावसाळ्यात ती पुसली जाते, म्हणून शेजारचा विजेचा खांब किंवा बाभूळही चौकटीच्या डाव्या कडेला धरा. काम झालं तर झालेल्या कामाचाही फोटो त्याच मापाचा काढा आणि त्याच सुतळीला लावा. नाही झालं तर फोटोखाली फक्त नवी तारीख टाका.